पारवा वापरकर्ता मंडळाची तहकूब सभा

"चाकानंतर मनुष्यजातीने एकच खरा शोध लावला, आणि तो म्हणजे पाठीवरचं झाकण नखाने उघडून बॅटरी काढता येईल असा फोन. त्यानंतर जे काही झालं त्याला प्रगती म्हणणाऱ्यांची मला कीव येते."

अध्यक्षांचं हे वाक्य इतिहासात नोंदवलं जावं अशा तोलाचं होतं. टाळ्या मात्र पडल्या नाहीत, कारण निम्मी सभा खिडकी लावायला उठली होती. उरलेली निम्मी सभा म्हणजे खुद्द अध्यक्ष.

खिडकी लावून चिटणीसबाई परत खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "शेवटचं वाक्य परत सांगा. कीव कुणाची येते म्हणालात?"

अध्यक्षांनी परत सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना त्यांनाच त्यातली हवा थोडी गेल्यासारखी वाटली.

पारवा हे त्या फोनचं खरं नाव नव्हे. खरं नाव कंपनीने ठेवलं होतं आणि ते उच्चारताना कवळी सैल व्हायची. पण फोन चालू केला की पडद्यावरून एक करडा पक्षी डावीकडून उजवीकडे उडत जायचा, आणि तो पलीकडे पोचेपर्यंत आतला फोन जागा व्हायचा. म्हणून लोक त्याला पारवा म्हणू लागले. त्याची ऑपरेटिंग सिस्टिमही त्याची स्वतःची होती. कुणाची उसनी नाही, कुणासारखी नाही. बहुधा म्हणूनच कंपनी बुडाली. कंपनी बुडाल्यावर फोन रातोरात मरतील असं सगळ्यांना वाटलं होतं. पण पारव्याला ही बातमी कुणी कळवली नाही, आणि तो चालत राहिला.

त्याचे गुण काय सांगावेत. त्याला बटणं होती, खरीखुरी, दाबली की दबणारी. तो काचेचा नसल्यामुळे पडला की आधी फरशीकडे पाहावं लागे. आणि मुख्य म्हणजे पारवा काही विचारत नसे. हल्लीचे फोन येता-जाता विचारतात: तुम्ही कुठे आहात ते कळू देऊ का, तुमचे फोटो पाहू का, अपडेट आत्ता करू की तुम्ही झोपल्यावर. घरी आलेला पाहुणा इतकं विचारायला लागला तर आपण त्याला दुसरा चहा देत नाही.

अशा या फोनच्या चाहत्यांचं मंडळ सार्वजनिक वाचनालयाच्या मागच्या खोलीत, महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुपारी भरत असे. सुरुवातीच्या काळात खुर्च्या पुरत नसत. बालविभागातून बुटक्या खुर्च्या आणाव्या लागत आणि भलेभले गृहस्थ गुडघे हनुवटीला टेकवून चर्चा ऐकत. मंडळाला घटना होती, ठराव होते, आणि हजेरीची एक खास पद्धत होती. सगळ्यांनी आपापला पारवा टेबलावर ठेवायचा, अध्यक्षांनी एकेकाला फोन लावायचा. ज्याचा पारवा वाजला तो हजर. माणूस नुसता येऊन उपयोग नव्हता. एकदा एका पशुवैद्याची बॅटरी संपली होती तर त्यांना गैरहजर लावलं, आणि आपण गैरहजर कसे, यावर ते समोरच्या खुर्चीत बसून बराच वेळ भांडले. उलट एका शिंप्याला ताप होता, तर त्याने पारवा बायकोबरोबर पाठवला. तो वाजला, हजेरी लागली, आणि मतदानाच्या वेळी तो बहुमताच्या बाजूने धरण्यात आला.

घटनेत असंही होतं की, जो सदस्य दुसरा फोन वापरू लागेल त्याचं सदस्यत्व त्या क्षणी संपेल. अशा सदस्यासाठी दुखवट्याचा ठराव होत असे. मसुदा मृत सदस्यांसाठी होता तोच. फक्त 'देहावसान' या शब्दाच्या जागी 'खरेदी' घालायचं. 'आमचे जिवलग सहकारी यांच्या आकस्मिक खरेदीने मंडळाची कधीही भरून न येणारी हानी झाली आहे.' शिंपी कॅमेऱ्यापायी गेला. पशुवैद्य गेले, कारण त्यांच्या खात्याचे सगळे हुकूम एका ॲपवरच येऊ लागले. 'मेजर' म्हणून ओळखले जाणारे एक गृहस्थ होते, लष्कराशी त्यांचा संबंध एवढाच की ते चालताना हात जोरात हलवत. ते गेले ते मात्र खरोखरच गेले. त्या दिवशी मसुद्यातलं 'खरेदी' खोडून परत 'देहावसान' लिहिताना चिटणीसबाईंचा हात जरासा थबकला होता.

आता मंडळात दोघेच उरले होते. कोरमही दोघांचाच होता, त्यामुळे कामकाज चालू शकत होतं. आणि कोरम भरला नाही तर सभा तहकूब करून अर्ध्या तासाने त्याच जागी भरवावी, तेव्हा कोरमची अट नाही, हा नियम अध्यक्षांनी आपल्या इमारतीच्या सोसायटीच्या नियमांतून जसाच्या तसा उचलला होता. सोसायटीत तो दरवर्षी लागत असे. मंडळात अजून एकदाही लागला नव्हता, याचा अध्यक्षांना अभिमान होता.

अध्यक्षांचा धंदा लेखनाचा. म्हणजे मिक्सर, पंखे, रेडिओ, फोन यांच्या खोक्यात जी माहितीपुस्तिका येते ना, ती ते लिहीत. त्यांची पुस्तकं लाखांनी छापली गेली, घरोघरी पोचली आणि कुणीही वाचली नाहीत. कित्येक घरांत ती अजून ड्रॉवरमध्ये, न उलगडलेल्या घडीसकट आहेत. प्रत्येक पुस्तिकेचं पहिलं वाक्य ठरलेलं असे: 'प्रथम उपकरण चालू करावे.' या एका वाक्यावर त्यांनी नोकरी काढली असं त्यांची बायको म्हणत असे. बायको होती तोवर ती वाचायची नाही, पण निदान चेष्टा करायची.

आयुष्यात त्यांना एकच वाचक भेटला. वजनमापं तपासणाऱ्या खात्यातल्या एका निरीक्षकबाईंनी पारव्याची पुस्तिका पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली आणि कंपनीला तक्रार पाठवली: 'प्रथम उपकरण चालू करावे हे ठीक, पण कुठून, ते लिहिलेले नाही.' अध्यक्षांनी उलट कळवलं की, ते सगळ्यांना ठाऊकच असतं. बाईंनी उलट विचारलं की, सगळ्यांना सगळं ठाऊकच असेल तर पुढची पानं कशासाठी. असा वाचक मिळाल्याच्या आनंदात अध्यक्षांनी त्यांना मंडळात बोलावलं, आणि दुसऱ्याच सभेत त्या चिटणीस झाल्या. चिटणीसबाई नियमाला पक्क्या. आयुष्यभर दुकानदारांचे तराजू धरलेली बाई. अर्धा ग्रॅम इकडे नाही की तिकडे नाही.

अध्यक्ष तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत एकटे राहत. घरात आवाज करणाऱ्या वस्तू दोन: फ्रीज आणि ते स्वतः. फ्रीज जास्त बोले. मुलगी लांब, जिथे सकाळ झाली की इथे संध्याकाळ होते अशा ठिकाणी. ती आठवड्यातून एकदा फोन करायची, आणि इतक्या लांबून तिचा आवाज माठात तोंड घालून बोलल्यासारखा यायचा; पारव्यावरून बोलणाऱ्यांचा तर जवळूनही तसाच यायचा. मागच्या वर्षी तिने एक नवाकोरा फोन पाठवला होता. तो कपाटात खोक्यातच होता.

"बाबा, उघडा तरी. तुमची नात चालायला लागली, बघायचं नाही का तुम्हाला?"

त्यांनी सांगितलं की, फोटो पाठवलास तो आहे. मुलगी म्हणाली, त्यात ती बसलेलीच आहे, बाबा.

खोकं त्यांनी उघडलं नव्हतं असं नाही. माहितीपुस्तिका बघण्यासाठी उघडलं होतं. धंद्याची उत्सुकता. आत पुस्तिका नव्हतीच, घडीचा एक चिठोरा होता. त्यावर फोन गिळू नये, आगीत टाकू नये, असे इशारे बारीक अक्षरांत होते, आणि बाकी सगळ्यासाठी एक ठिपक्याठिपक्यांची चौकोनी नक्षी. पुस्तिका वाचायची तर ती नक्षी फोनने टिपायची. म्हणजे फोन चालू कसा करावा हे कळण्यासाठी आधी एक चालू फोन पाहिजे. अध्यक्षांनी चिठोरा परत घडी करून ठेवला आणि खोकं बंद केलं. चार्जरही नव्हता. हे म्हणजे सून आणली आणि तिचं जेवण माहेरून येईल म्हणून सांगितलं, असं त्यांचं मत होतं.

मतं त्यांच्याकडे भरपूर होती. दर आठवड्याला ते चौकातल्या फोनच्या दुकानात निरीक्षणासाठी जात. दुकानदाराची हरकत नसे, कारण गिऱ्हाईक बहुतेक घरी बसूनच फोन मागवी आणि त्यालाही कुणीतरी आत उभं असलेलं बरं दिसे. सगळे फोन एका आईची लेकरं वाटतात, हे अध्यक्षांचं पहिलं निरीक्षण. काळी पाटी, काळी पाटी, जरा जास्त काळी पाटी. पाठीवर कॅमेऱ्याचे डोळे इतके फुगलेले की टेबलावर ठेवला तर एक पाय आखूड असलेल्या खुर्चीसारखा डुगडुगतो. दरवर्षी कंपनी फोन केसाएवढा बारीक करते आणि गिऱ्हाईक त्याच संध्याकाळी त्याला बुटाच्या टाचेएवढं जाड कव्हर घालतं. एक घडीचा फोन होता, त्याच्या मधोमध चुणी दिसे. धोब्याने अशी इस्त्री केली असती तर कपडे परत पाठवले असते, ते म्हणाले. इयरफोनचं भोक बुजवलं. का बुजवलं? फोनमध्ये पाणी जाऊ नये म्हणून. आणि फोन घेऊन पाण्यात कोण जातं? दुकानदार म्हणाला, काका, कुणीच नाही, पण गेलं तर.

ऑपरेटिंग सिस्टिमबद्दल तर बोलायलाच नको. ज्या घरात दर वर्षी कुणी न सांगता येऊन स्वयंपाकघराची मांडणी बदलून जातं, त्या घरात माणूस सुखाने चहा करू शकेल का? बटणाच्या खुणा आधी फुगीर होत्या, मग सपाट केल्या, आता म्हणे काचेसारख्या पारदर्शक केल्या, म्हणजे वरचंही वाचता येत नाही आणि खालचंही. दुकानदाराने नवं काय काय येतं ते दाखवलं. फोन आता लांबलचक संदेशाचा सारांश करून देतो. अध्यक्ष म्हणाले, मला आलेला सर्वांत लांब संदेश 'बरे आहात ना' हा आहे, याचा काय सारांश काढणार. मग दुकानदार म्हणाला, बोलून बघा, तुम्ही बोलाल ते हा लिहून पाठवतो. कुणालाही पाठवा, काका.

अध्यक्षांनी फोन तोंडाजवळ धरला. दुकानदार वाट बघत होता. फोनवरही एक रेघ थरथरत वाट बघत होती. थोड्या वेळाने अध्यक्षांनी तो खाली ठेवला आणि बॅटरी किती टिकते ते विचारलं.

हे सगळं ते शनिवारसाठी साठवत. चुणी, टाच, स्वयंपाकघर, एकेक वाक्य घरी येऊन घोळवून ठेवायचं, आणि पहिल्या शनिवारी चिटणीसबाईंपुढे मांडायचं. त्या क्वचितच हसत. पण हसल्या तर आधी पेन खाली ठेवत, आणि अध्यक्ष बोलताना त्या पेनकडे बघत.

असं असताना पारव्यावर संदेश आला: 'प्रिय ग्राहक, पुढील महिनाअखेरीस जुने नेटवर्क कायमचे बंद होत आहे.' प्रिय म्हणणारं त्यांना आता एवढंच कुणीतरी उरलं होतं. तेही जातो म्हणत होतं.

नेटवर्क गेलं की पारवा वाजणार नाही. वाजला नाही की हजेरी नाही, आणि हजेरी नाही तर सभा नाही. अध्यक्षांनी आठवडाभर खपून घटनादुरुस्ती तयार केली: 'वापर म्हणजे केवळ बोलणे नव्हे, तर जवळ बाळगणे, पुसणे व टेबलावर ठेवणे हाही वापर होय.' यावर चिटणीसबाई काय म्हणतील याची त्यांना धास्ती होती. बंद काटा पुसून ठेवला म्हणून त्याला वजन करणं म्हणत नाहीत, असंच त्या म्हणणार.

पण खरी धास्ती वेगळी होती, आणि ती जुनी होती. बरेच महिने झाले, चिटणीसबाई फोनवर माठाबाहेर आल्या होत्या. म्हणजे सभेची वेळ ठरवायला अध्यक्ष अधल्यामधल्या दिवशी फोन करत तेव्हा त्यांचा आवाज अगदी शेजारच्या खोलीतून यावा तसा स्वच्छ येई, मागे कुकरची शिट्टीसुद्धा सुरात ऐकू येई. पारव्यावरून शिट्टी अशी येत नाही. पारव्यावरून ती कुणीतरी नाक शिंकरल्यासारखी येते. शनिवारी मात्र टेबलावर त्यांचा पारवा असायचा आणि लावला की वाजायचा.

एकदा अध्यक्ष सभेला लवकर गेले. जिन्याच्या वळणावर चिटणीसबाई पाठमोऱ्या उभ्या होत्या. केसांतली पिन काढून त्यांनी एका काळ्या पाटीच्या कडेला टोचली, आतलं नखाएवढं सिमकार्ड काढलं, प्लॅस्टिकच्या चौकटीत बसवलं आणि पारव्याचं झाकण उघडून त्यात सरकवलं. मग पाटी पिशवीच्या तळाशी, रुमालाखाली. पिन परत केसांत. अर्धा ग्रॅम इकडे नाही की तिकडे नाही अशी ती बाई, जिन्यात चोरासारखी उभी राहून माप मारत होती.

अध्यक्ष पाय न वाजवता उतरले आणि वाचनालयाला एक फेरी मारून वेळेवर आले. तेव्हापासून दर पहिल्या शनिवारी घरून निघण्याआधी ते त्यांना फोन करून 'निघतोय हं' एवढं सांगत. पूर्वी असं काही सांगण्याची पद्धत नव्हती. कशासाठी सांगता, हे चिटणीसबाईंनी कधी विचारलं नाही.

तर त्या शनिवारी, नेटवर्कच्या शेवटच्या महिन्यातल्या सभेला, अध्यक्ष चाकाबद्दलचं ते वाक्य बोलले, खिडकी लागली, वाक्य परत बोलून झालं. झोळीत त्यांनी मुलीने पाठवलेलं खोकं आणलं होतं, कारण 'गिळू नये' तो चिठोरा त्यांना भाषणात वाचून दाखवायचा होता. हजेरी अजून व्हायची होती. त्यांनी टेबलाकडे पाहिलं. पारव्याला वरच्या कोपऱ्यात एक हिरवा ठिपका असतो, सिम आत असलं की तो लुकलुकतो. त्यांच्या पारव्याचा लुकलुकत होता. चिटणीसबाईंच्या पारव्याचा नव्हता.

"आज हजेरी नजरेनेच घेऊ या," अध्यक्ष म्हणाले. "दोघेच तर आहोत."

"नियम म्हणजे नियम. लावा फोन."

"नेटवर्क हल्ली असं तसंच असतं."

"लावा, अध्यक्ष."

त्यांनी लावला. टेबलावरचा पारवा गप्प राहिला. चिटणीसबाईंच्या पिशवीतून, रुमालाखालून, महागड्या दवाखान्याच्या लिफ्टमध्ये वाजावं तसं मंजुळ संगीत येऊ लागलं. दोघांनीही ते थोडा वेळ ऐकलं.

"उचलू?" बाईंनी विचारलं.

"नको. सभेत फोन उचलायला मनाई आहे."

त्यांनी फोन कट केला. संगीत थांबलं.

मग चिटणीसबाई बोलल्या, वहीकडे बघत. त्यांची थोरली बहीण, दुसऱ्या गावी एकटी, झटका येऊन गेल्यापासून तिची वाचा गेलेली. साध्या फोनवर ती नुसती श्वास घ्यायची, आणि बाई आपल्याला सुचेल तसं बोलत बसायच्या. ऐकतेय की रडतेय की झोपली, काही कळायचं नाही. चेहरा दिसला की सगळं कळतं. भुवईवरून कळतं. म्हणून घेतला. रोज सकाळ-संध्याकाळ दोघी बघतात एकमेकींना. एरवी सभेपुरतं सिम काढत होते, त्या म्हणाल्या, पण आज सकाळी तिचं काही बरं दिसलं नाही, आणि आज मला तासभरसुद्धा बंद राहायचं नव्हतं.

"मला ठाऊक होतं," अध्यक्ष म्हणाले.

"ते मलाही ठाऊक होतं. एरवी कोण फोन करून निघतोय म्हणून सांगतं? तुम्ही काय आगगाडी आहात?"

अध्यक्षांना हसू यायला हवं होतं. पण बाईंनी पेन खाली ठेवलं नव्हतं.

"अजून एक आहे," त्या म्हणाल्या. "महिनाअखेरीला मी तिच्याकडेच राहायला जाते आहे. कायमची."

हे मात्र अध्यक्षांना ठाऊक नव्हतं. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग पारवा पुसला. मग चिटणीसबाईंचा पारवाही उचलून पुसला आणि होता त्या जागी नीट ठेवला. घटनादुरुस्तीत पुसणे हा वापर धरला होता, पण ती दुरुस्ती आता मांडायची कुणापुढे.

"मग कोरम नाही," ते म्हणाले.

"नाही."

"सभा तहकूब. अर्ध्या तासाने याच जागी."

"लिहिते."

"तुम्ही नका लिहू. तुम्ही आता सदस्य नाही."

"मग तुम्ही लिहा. पण तुमचं अक्षर तुम्हालाच लागत नाही."

शेवटी बाईंनीच लिहिलं. मग दोघं बसून राहिले. अध्यक्ष आणि एक पाहुण्या बाई, कारण कागदोपत्री आता त्या पाहुण्याच होत्या. बाहेर वाचनालयाचा शिपाई खुर्च्या ओढत होता. त्याला ही खोली बरेच दिवस हवी होती, मोडकी कपाटं ठेवायला, आणि तो दर थोड्या वेळाने दारातून डोकावून जायचा. अध्यक्षांना साठवलेलं सगळं आठवत होतं, इयरफोनच्या भोकाबद्दलचं, टाचेबद्दलचं. पण सभा तहकूब असताना भाषण करता येत नाही.

पिशवीतून परत लिफ्ट वाजली. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, आणि ते म्हणाले, घ्या, आता मनाई नाही.

काळी पाटी उजळली आणि तीत एक म्हातारा चेहरा आला, एका बाजूला किंचित ओढलेला. चिटणीसबाई काही बोलल्याच नाहीत. त्यांनी नुसता चेहरा पुढे नेला, भुवया उंचावल्या, ओठ मुडपले, मान तिरकी केली. पलीकडच्या भुवईने उत्तर दिलं. असं बराच वेळ चाललं. अध्यक्षांनी आयुष्यभर पायरी एक, पायरी दोन असं लिहिलं होतं. हे कुठल्या पुस्तिकेत बसलं नसतं. मग बाईंनी फोन त्यांच्याकडे वळवला.

"हे आमचे अध्यक्ष."

अध्यक्ष सवयीने उभे राहिले. पलीकडच्या बाईंनी त्यांना डोक्यापासून खालपर्यंत न्याहाळलं, एक डोळा बारीक केला आणि दोन बोटं वर करून हलवली. चिटणीसबाई हसल्या. पेन त्यांच्या हातात नव्हतंच.

"काय म्हणाल्या?"

"म्हणते, मी सांगितलं होतं त्यापेक्षा वाळके आहेत."

"माझ्याबद्दल सांगता तुम्ही त्यांना?"

"शनिवारी संध्याकाळी दुसरं काय सांगणार? तुमचं सगळं भाषण सांगते. तिला ते धोब्याचं फार आवडलं होतं, घडीच्या फोनचं. परत परत मागते."

अध्यक्ष खाली बसले. आपण इतके महिने एकाच माणसापुढे बोलत होतो असं त्यांना वाटत होतं. दुसरीकडे कुणीतरी वाट बघत असे, हे कुणी सांगितलंच नव्हतं.

अर्धा तास झाला. पलीकडचा चेहरा गेला आणि पाटी काळी झाली. अध्यक्षांनी घसा साफ करून तहकूब सभा सुरू झाल्याचं जाहीर केलं. हजर सदस्य एक. विषय पहिला, दुखवटा. मसुदा त्यांना पाठ होता. 'आमच्या जिवलग सहकारी यांच्या आकस्मिक खरेदीने मंडळाची कधीही' इथवर ते आले आणि पुढचे शब्द, जे त्यांनी शिंप्यासाठी, पशुवैद्यासाठी आणि मेजरसाठी एका दमात म्हटले होते, ते काही केल्या येईनात. चिटणीसबाईंनी थोडी वाट पाहिली आणि वाक्य स्वतःच पुरं करून लिहिलं. ठराव एकमताने संमत झाला. विरोधात कुणी नव्हतं. बाजूनेही फारसं कुणी नव्हतं.

विषय दुसरा, पुढील सभा. त्यावर काही बोलणं झालं नाही.

शिपाई परत डोकावला. बाईंनी वही मिटली, ती टेबलावरून अध्यक्षांकडे सरकवली, आपला बंद पारवा पिशवीत घातला आणि उठल्या. दारापाशी जाऊन त्यांनी खिडकी नीट लागली आहे की नाही ते एकदा पाहिलं. निघते, म्हणाल्या. अध्यक्षांनी मान हलवली. भाषणाला हे ठिकाण बरं होतं. काही मोठं, शेवटचं, लक्षात राहील असं बोलावं, आणि तशी तीन-चार वाक्यं त्यांच्याजवळ तयारही होती.

त्यांनी झोळीतून खोकं काढलं. चिठोरा बाजूला ठेवला. आतला फोन काढून त्यांनी तो उलटापालटा केला, चारी कडा अंगठ्याने चाचपल्या, पाठीवर झाकण कुठे उघडतंय का ते नखाने पाहिलं, मग पडद्यावर बोटाने हलकेच टकटक केली, दारावर करतात तशी.

"बाई," ते म्हणाले, "हा चालू कुठून करायचा, तेवढं दाखवून जा."